गोल नकाशाला चार हुक

वाढदिवसाला नवऱ्याने मला एक नकाशा फ्रेम करून दिला. बाराव्या शतकातल्या एका अरब भूगोलकाराच्या जगाच्या नकाशाची मोठी छापील प्रत. नकाशा गोल, फ्रेम चौकोनी. मी ऑफिसातून यायच्या आत त्याने तो बैठकीच्या खोलीत टांगूनसुद्धा ठेवला होता. मी बूट काढते न काढते तोच मला खांद्याला धरून त्याच्यासमोर उभं केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला.

"उलटा लावलायस," मी म्हणाले.

"उलटा कसा? युरोप वर, आफ्रिका खाली. बरोबर आहे की."

"अक्षरं बघ."

"मला काय अरबी येतं, यार? आणि त्या फ्रेमवाल्यानेही असाच हुक लावून दिला."

त्याची चूक नव्हती. नकाशात उत्तर वरच असते हे आपण शाळेत इतकं घोकलेलं असतं की दुसरं काही असू शकतं असं मनातही येत नाही. पण त्या काळचे अरब भूगोलकार दक्षिण वर काढायचे. त्यांच्या नकाशात आफ्रिका सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली असते, युरोप खाली कुठेतरी पायाशी, आणि आपण डावीकडे. माझा नवरा नागपूरचा. देशाचा मध्य दाखवणारा दगड ज्याच्या गावात आहे, त्या माणसाला जग उलटं टांगायला सांगणं सोपं नव्हतं. तरी मी तो नकाशा उतरवला, फिरवला आणि दक्षिण वर करून लावला.

पुढच्याच शनिवारी जेवायला चार घरची माणसं आली होती. त्यातल्या एक काकू हातात पापडाची ताटली घेऊन नकाशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मी आपली हौसेने सगळं समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे गं, पण दक्षिण वर? यमाची दिशा ती. राहत्या घरात डोक्यावर कशाला घ्यायची?" झालं. अर्धी मंडळी काकूंच्या बाजूने, अर्धी माझ्या. सगळे इंजिनिअर, त्यामुळे वाद जेवण संपेपर्यंत चालला. शेवटी दुसऱ्या दिवशी नवऱ्याने गॅरेजमध्ये जाऊन फ्रेमच्या चारही बाजूंना हुक ठोकले आणि जाहीर केलं, "घ्या. आता ज्याला जसं पाहिजे तसं लावा." आमच्या घरातली बरीच भांडणं त्याने अशीच मिटवलेली आहेत.

नकाशाचं वेड मला कामातूनच लागलं. इथे अमेरिकेत, सिअॅटलजवळ रेडमंडच्या एका कंपनीत मी नकाशांवर काम करते. लोकांना वाटतं, उपग्रह वरून फोटो काढतो आणि नकाशा तयार होतो. तसं असतं तर मला पगार कशाला दिला असता? फोटोत रस्ता दिसतो. तो खाजगी आहे का, त्याला फाटक आहे का, पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो का, हे फोटो सांगत नाही. ते माणसं सांगतात, आणि माणसं एकमेकांविरुद्ध सांगतात. नगरपालिका म्हणते रस्ता चालू आहे, ट्रकवाला म्हणतो बंद आहे, तिथे राहणारी बाई लिहिते की हा रस्ताच नाही, माझं अंगण आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांनी एकच गोष्ट सांगितली, तर ती नकाशात घ्यायची, नाहीतर थांबायचं, असा आमचा साधा नियम आहे.

तो भूगोलकार अगदी असंच काम करायचा हे कळलं तेव्हा मला जवळचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. तो मुसलमान, आफ्रिकेच्या वायव्येकडचा. त्याला पदरी ठेवणारा राजा ख्रिस्ती, सिसिली बेटाचा. राजाला सगळं जग एका जागी बघायचं होतं. जुन्या पोथ्यांमध्ये एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. म्हणून त्यांनी बंदरात उतरणारे व्यापारी, खलाशी, यात्रेकरू बोलावून विचारायला सुरुवात केली. आधी एकेकट्याला, मग सगळ्यांना एकत्र. ज्यावर सगळ्यांचं जुळलं ते ठेवलं, ज्यावर फाटे फुटले ते सोडून दिलं. कित्येक वर्षं हे चाललं होतं. मग ते जग चांदीच्या मोठ्या तबकडीवर कोरलं गेलं. ती तबकडी पुढे लुटीत गेली म्हणतात. कागदावरच्या प्रती तेवढ्या राहिल्या.

मी मूळची चौलची, अलिबागच्या खालच्या अंगाला. अरबांची गलबतं आमच्या बंदरात येत होती आणि त्या भूगोलकाराच्या वर्णनात आमचा किनाराही येतो. पण तो स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही. त्यामुळे त्याच्या नकाशात आपल्या देशाचं दक्षिणेचं टोकच नाही. किनारा इस्त्री फिरवल्यासारखा सरळ, आणि समोर श्रीलंका फुगून बसलेली. सांगणाऱ्यांनी सांगितलं तेवढंच त्याला कळलं. जिथे कुणी सांगणारा भेटला नाही तिथे त्याने डोंगर काढून जागा भरली. ते डोंगर मात्र फार सुरेख आहेत, घट्ट घातलेल्या वेण्यांसारखे.

नकाशा घरात आला त्याच वर्षी आई गेली आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, चौलच्या घरात एकटे उरले. पंचायत समितीतून कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. भात लावता येतो, आमटी करता येत नाही. भाऊ पुण्याला. त्याच्या फ्लॅटमध्ये जायला अण्णा तयार नव्हते. आईच्या आजारपणाच्या आधीपासूनच मी दोघांच्या ग्रीन कार्डाची धडपड करत होते. ते एकट्या अण्णांचं हातात आलं, आणि सप्टेंबरात मी जाऊन त्यांना घेऊन आले. ते कार्ड टिकवायचं तर इथेच राहायला हवं. चार महिने इथे, आठ महिने तिथे असं त्यात चालत नाही. मला तेच हवं होतं. अण्णांनी कायमचं माझ्याकडे राहावं, एवढं एकच मला त्या वर्षी हवं होतं, आणि त्यासाठी मी हट्टाला पेटले होते.

सुरुवात बरी झाली. सप्टेंबरात इथे ऊन असतं. अण्णा सकाळी फिरायला जायचे, परत येताना कुणाच्या अंगणात सफरचंदं सडताहेत याची बातमी आणायचे आणि हळहळायचे. मग नोव्हेंबर आला. इथला पाऊस कोसळत नाही, नुसता झिरपतो, आणि आभाळ महिनोन्‌महिने पत्र्यासारखं वर बसून राहतं. अशाच एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला.

"अगं, मी समुद्राजवळ आलोय. पण घर काही येईना."

"कुठला समुद्र, अण्णा?"

"आता मला काय ठाऊक कुठला? पाणी दिसतंय समोर."

फोनवर ते कुठे आहेत हे मला दिसत होतं. मीटिंग सोडून मी गाडी काढली. घरापासून बऱ्याच लांब, तळ्याच्या वरच्या रस्त्याला, एका फरच्या झाडाखाली ते उभे होते. टोपीतून पाणी गळत होतं. मला पाहून त्यांना हायसं वाटलं असेल, पण मी त्यांना ते दाखवायची संधीच दिली नाही. गाडीचं दार उघडता उघडताच मी सुरू झाले, "फोन कशाला दिलाय तुम्हाला? त्यात नकाशा आहे ना? मी रोज ज्या कामासाठी ऑफिसात मरते ते तुमच्या खिशात आहे, आणि तुम्ही भिजत उभे!"

ते गाडीत बसले. हीटरसमोर हात धरले आणि थोड्या वेळाने समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, झाडांतून पाणी दिसलं. पाणी म्हणजे पश्चिम. पश्चिमेला तोंड केलं की आपलं घर उजव्या हाताला. म्हणून उजवीकडे चालत राहिलो."

आता मला कळलं काय झालं ते. आमच्या किनाऱ्यावर दिशा शिकवाव्या लागत नाहीत. समुद्र खाली, पश्चिमेला. सह्याद्री वर, पूर्वेला. जन्मभर माणूस या दोहोंच्या मधे राहतो आणि चुकत नाही. आम्ही राहतो त्या बेलव्ह्यूला मात्र दोन्ही बाजूंना तळी आहेत. अण्णांना दिसलं ते पूर्वेचं तळं. सूर्य ढगात, त्यामुळे त्यांची सगळी पृथ्वीच फिरली होती, आणि ते अगदी बरोबर हिशेबाने घरापासून दूर दूर चालत गेले होते.

"अण्णा, ते तळं आहे. आणि ते पूर्वेला आहे."

"पूर्वेला पाणी?" ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी बाहेर जाणं सोडलं. मी त्यांना इथल्या रस्त्यांची रीत समजावली. आडवे रस्ते, उभे रस्ते, पूर्वेकडे जाताना आकडे वाढतात, घराच्या नंबरावरूनही कळतं. ते मान डोलवायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं की म्हणायचे, आज गुडघा दुखतोय. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. दिवसभर ते बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसून असत. आम्ही दोघं कामाला आणि मुलगी शाळेला गेली की घरात त्यांच्याशिवाय कुणी नसे. संध्याकाळी आलो की ते आम्हाला आज टपालाची गाडी उशिरा आली एवढं सांगत. दुसरं सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि ते पाहून माझा जीव तुटायचा. जीव तुटला की मी चिडते, हा माझा स्वभाव. त्यामुळे तो सगळा हिवाळा मी चिडलेलीच होते.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. जाणकारांना विचारत सुटले. भावाला फोन केला. तो म्हणाला, इकडे पाठव, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. मावशीला विचारलं. ती म्हणाली, लेकीच्या घरी माणूस किती राहणार गं, पण आता काळ बदलला, तू बघ. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांनी पाठीवर थाप मारली, "पहिला विंटर सगळ्यांनाच हेवी जातो. नेक्स्ट इयर बघ, तेच म्हणतील तिकीट कॅन्सल कर." डॉक्टर म्हणाल्या ड जीवनसत्त्व कमी आहे, गोळ्या घ्या आणि माणसांत मिसळा. एवढं सगळं ऐकून त्यातलं जुळणारं तेवढं मी वेचत बसले. माझ्या मते बहुमत राहण्याच्या बाजूने होतं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, तेव्हा मला हायसंही वाटलं.

एकदा भांडी लावताना नवरा म्हणाला, "अण्णांना विचारलंस का?"

"ते काय सांगणार? म्हणतील, तुमची मर्जी."

"तरी विचार ना."

"तुला कळत नाहीत आमच्याकडची माणसं," मी म्हणाले आणि विषय संपवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पण तेव्हा हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याच अंगावर गेले असते.

मार्चमध्ये एक दिवस आभाळ अचानक फाटलं. इथे असा दिवस आला की लोक ऑफिसातून लवकर पळतात. मीही पळाले. घरात शिरले तर अण्णा जेवणाच्या खुर्चीवर चढून उभे होते, भिंतीला टेकून, हात वर.

"अण्णा! खाली उतरा आधी! पडलात तर कोण आहे घरात?"

"उतरतो गं. ओरडतेस काय? ओरडण्यानेच पडेन."

ते सावकाश उतरले. त्यांनी नकाशा फिरवला होता. दक्षिण वर नाही, उत्तरही वर नाही. आता पूर्व वर होती. चार हुकांपैकी हा हुक आजवर कुणी वापरलाच नव्हता. अरबी अक्षरं आडवी पडली होती, हिंदुस्थान आणि चीन सगळ्यांच्या वर, युरोप खाली डाव्या कोपऱ्यात गुमान बसलेला.

"हे काय केलंत?"

"आता बरोबर दिसतंय. वर घाट, खाली समुद्र."

मला हसू आलं. "अण्णा, पण या नकाशात आपला किनारा पूर्व-पश्चिम काढलाय. समुद्र खाली कुठे येतोय? तो बघा, उजवीकडे गेला."

त्यांनी चष्मा सारखा करून पाहिलं. "ते त्याचं चुकलं. तो आला नव्हता ना कधी आपल्याकडे?"

आठशे वर्षांहून जुन्या त्या थोर माणसाला अण्णांनी असं दोन वाक्यांत निकालात काढलं. आणि त्याची चूक खरोखर तीच होती.

"पण आज एकदम नकाशा कसा आठवला?" मी विचारलं.

ते मला गॅलरीत घेऊन गेले. समोर, घरांच्या आणि झाडांच्या वर, पूर्वेची अख्खी डोंगररांग उभी होती. कॅस्केड. या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फ. मी इथे इतकी वर्षं राहते, मला त्यात नवल राहिलेलं नाही. अण्णांनी मात्र ती त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. सप्टेंबरात वणव्यांचा धूर होता आणि नंतर ढग.

"सकाळी सूर्य त्याच्यामागून वर आला. मी उभा राहून बघितला," ते म्हणाले. "म्हणजे इथंही घाट पूर्वेलाच आहे की. सांगायचं नाही का? समुद्र कुठाय मग?"

"पश्चिमेला. सिअॅटलच्या पलीकडे."

"म्हणजे सगळं आपल्यासारखंच. ते तळंच तेवढं मधे कडमडलं." मग डोंगरांकडे पाहत म्हणाले, "सह्याद्रीला कुणी चुना फासल्यासारखा दिसतोय पण."

मी नकाशांवर काम करते. हे दोन किनारे एकसारखे आहेत, पाणी मावळतीला आणि डोंगर उगवतीला, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मी त्यांना आकडे शिकवत बसले होते. त्यांना फक्त घाट कुठे आहे ते हवं होतं. ही गोष्ट मला अजूनही बोचते.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा बाहेर पडू लागले. आभाळ भरलेलं असलं तरी आता त्यांना फरक पडत नव्हता. घाट कुठे आहे हे एकदा कळलं की तो दिसायलाच हवा असं नसतं. आधी कोपऱ्यापर्यंत, मग वाचनालयापर्यंत, मग पार मॉलपर्यंत. तिथे जमिनीवर मोठ्या सोंगट्यांचा बुद्धिबळाचा पट आहे, त्याच्याभोवती निरनिराळ्या देशांचे म्हातारे जमतात. भाषा कुणाची कुणाला येत नाही. अण्णा एका रशियन आजोबांकडून रोज हरून यायचे आणि तो कशी लबाडी करतो ते जेवताना सांगायचे. त्यांच्या जेवणात एक पोळी वाढली.

मला तर आभाळ ठेंगणं झालं. मी जिंकले असं मला वाटत होतं. खालच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवायच्या, त्यांच्या खोलीला पूर्वेची मोठी खिडकी करायची, असं मी नवऱ्याला रोज नवीन काहीतरी सांगत होते. भावालाही कळवून टाकलं, अण्णा रमले.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी कांदा चिरत होते. मुलगी शेजारी ओट्यावर चढून बसली होती. ती सोळा वर्षांची आहे, तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

"मॉम, आजोबा वॉन्ट्स टु गो होम. यू नो दॅट, राइट?"

"फिरायला जाऊन येतील गं. पुढच्या वर्षी जाऊ सगळे."

"नो. होम होम. फॉर गुड."

मी सुरी खाली ठेवली. "तुला कुणी सांगितलं?"

"ही डिड."

"तुला का सांगितलं? मला नाही सांगितलं ते?"

तिने खांदे उडवले. "बिकॉज आय आस्क्ड."

मला तिचा राग आला, मग अण्णांचा, मग कांद्याचा. लहान मुलीला काहीतरी बोलले असतील म्हाताऱ्या माणसासारखं, अशी मी मनाची समजूत घातली. पण दोन दिवसांनी वाण्याकडे जाताना गाडीत मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलंच. "अण्णा, तुम्हाला इथे राहायचं आहे ना?"

"तुम्ही म्हणाल तसं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

तेच उत्तर. मला अपेक्षित असलेलं. एरवी मी ते घेऊन मोकळी झाले असते. पण एकच माणूस नातीला एक सांगतो आणि लेकीला दुसरं, म्हणजे दोन्ही जुळत नाहीत. कामावर असं जुळलं नाही तर मी नकाशाला हात लावत नाही, पुन्हा विचारते. इथे मी पुन्हा विचारायला घाबरत होते. तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत.

रविवारी अण्णा म्हणाले, चल, तुला माझा रस्ता दाखवतो. आम्ही निघालो. ते पुढे, मी मागे. कुठे वळायचं, कुठल्या घरचा कुत्रा भुंकतो, कुठल्या बाकावर ऊन येतं, सगळं त्यांना माहीत झालं होतं. त्या बाकावर आम्ही बसलो. मी म्हणाले, "अण्णा, मी म्हणेन तसं नको. तुम्ही काय म्हणता ते सांगा. मी रागावणार नाही."

"रागावशील. पण विचारलंस तर सांगतो." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला घरी जायचंय."

"मग हिवाळ्यात का नाही सांगितलंत?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, म्हातारा रस्ता चुकला आणि घाबरला. मलाही तसंच वाटलं असतं. आता मी घाबरलेलो नाही. आता मला इथे कुठेही सोड, मी घरी येईन. म्हणून आता सांगतो."

मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. आई नाही तिथे आता. आमटी कोण करणार? बीपी कोण बघणार? "आणि अण्णा, तिथे एकटे असताना काही झालं तर?"

"काही तरी होणारच गं कधीतरी. इथंही होईल." ते रागावले नव्हते. लहानपणी गणित समजावताना बोलायचे तसं बोलत होते. "इथं मी कोण, हे तुम्हा तिघांना माहीत. तुम्ही बाहेर पडलात की कुणालाच नाही. मी या रस्त्याने रोज जातो. लोक हसतात, हात करतात, चांगली आहेत माणसं. पण एकानेही आजवर विचारलं नाही, कुठं निघालात म्हणून. तिथं नाक्यापर्यंत जायचं तर चौघांना सांगून जावं लागतं. तेव्हा वैताग यायचा. एक दिवस दिसलो नाही तर दुपारपर्यंत कुणीतरी दार वाजवतं. तुझ्याकडे माझं सगळं नीट होतंय, पोरी. पण इथं मी हरवलो तर शोधायला एकटी तू. तिथं मला हरवायला जागाच नाही."

उत्तर जुळलं होतं, नातीला सांगितलेलं आणि मला सांगितलेलं. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि मी रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता रडत होते. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "चल, ऊन उतरलं."

त्याच संध्याकाळी मी त्यांचं तिकीट काढलं, एका बाजूचं. तिकडचा भाऊ माझ्यावर भडकला, मावशी म्हणाली तुझंच खरं. चौलला शेजारच्या वहिनी दोन वेळचा डबा द्यायला लगेच कबूल झाल्या. हे सगळं इतक्या पटकन जमलं की मला त्याचाही राग आला.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे सिअॅटलच्या विमानतळावर गेलो. आपल्याकडचे आईवडील एकटे निघाले की मुलं त्यांच्यासाठी व्हीलचेअर सांगतात. पाय धड असतात, पण खुर्ची ढकलणारा माणूस बरोबर असला की इंग्रजीची आणि गेटांची काळजी मिटते. मीही सांगून ठेवली होती. अण्णांनी त्या खुर्चीकडे पाहिलं आणि ढकलणाऱ्या मुलाला हात जोडून नमस्कार केला. मला म्हणाले, "कॅन्सल कर." हा शब्द ते इथेच शिकले होते.

तपासणीच्या रांगेपलीकडे आम्हाला जाता येत नव्हतं. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, जावयाची पाठ थोपटली, मला काहीच केलं नाही, नुसतं पाहिलं, आणि पाठीवरची पिशवी सारखी करून निघाले. रांग वळणं घेत पुढे सरकत होती. काचेतून मला त्यांची टोपी दिसत होती. पलीकडे दोन वाटा फुटत होत्या, तिथे ते थांबले. वर पाट्या पाहिल्या, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

तेव्हा मला काय वाटलं ते लिहायलाच हवं. अभिमान वगैरे खूप नंतर. आधी वाटलं, चुकावेत ते. चुकावेत, गोंधळावेत, मागे वळून मला हाक मारावी.

ते चुकले नाहीत.